कमी ड्राफ्टची, दोन्ही टोकांना निमुळती शिडाची होडी: हलचा (होडीच्या मुख्य अंगाचा) आकार कसा ठरवू?

शिडवेडा:
नमस्कार मंडळी. ५.८ मीटरची शिडाची होडी प्लायवूडमध्ये बांधायचा विचार पक्का झालाय. दोन्ही टोकं निमुळती, सेंटरबोर्ड (तळातून खाली सोडायचं, वर ओढता येणारं पातं) वर घेतला की २५ सेंमी पाण्यात तरंगली पाहिजे आणि ओहोटीला वाळूवर सरळ बसली पाहिजे. दोन माणसं, थोडं सामान आणि रात्री अंग टाकण्यापुरती जागा, एवढंच हवंय. फ्रीशिप या होडी-रचनेच्या संगणक प्रोग्रॅममध्ये रेषा काढल्यात, पाण्याच्या रेषेवर लांबी ५.२ मीटर, रुंदी १.४, प्रिझमॅटिक कोएफिशंट (मध्याच्या मानाने टोकं किती भरलेली) ०.५० आणि मधल्या छेदाचा कोएफिशंट (मधला आडवा छेद आपल्या रुंदी-खोलीची चौकट किती भरतो) ०.६०. अडचण अशी की डिस्प्लेसमेंट (होडी बाजूला सारते त्या पाण्याचं वजन) ५६० किलो येतंय आणि माणसं, सामान, डोलकाठी सगळं धरून माझं वजन जातंय ७०० ला. रुंदी वाढवू, ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) वाढवू, की टोकं फुगवू? टोकांना हात लावायला जीव होत नाहीये, त्या रेषांसाठीच तर हा आकार निवडलाय. पुढचा आणि मागचा भाग हुबेहूब सारखा ठेवलाय, तो चालेल ना?

खारावारा:
वजनाची बेरीज आधी केलीत हे फार चांगलं केलंत, बरेच जण रेषा सुंदर दिसल्या की तिथेच थांबतात.

आता तुमचा हिशोब. तुमच्या होडीचं पाण्याच्या रेषेवरचं क्षेत्रफळ ४.८ चौ.मी.च्या आसपास असणार, म्हणजे समुद्राच्या पाण्यात साधारण ५० किलोला १ सेंमी. १४० किलो जास्तीचे म्हणजे जवळपास ३ सेंमी खाली, ड्राफ्ट २८. तेवढं चालत असेल तर काहीच करू नका. पण २५ च हवा असेल तर लांबी, रुंदी, ड्राफ्ट काही न बदलता प्रिझमॅटिक ०.५५ आणि मधला छेद ०.६८ करून बघा, ७०० किलो बरोबर बसतात. मधला छेद भरायचा म्हणजे तळाला ४०-५० सेंमी रुंद सपाट फळी द्यायची आणि बाजूचं वळण जरा कडक करायचं, वाळूवर सरळ बसायला तुम्हाला ती फळी लागणारच आहे. फक्त ती सपाटी नाळेपर्यंत (होडीच्या पुढच्या टोकापर्यंत) तशीच ओढू नका, पुढे निमुळती करत शून्यावर आणा, नाहीतर समोरच्या लाटेवर तळ आपटत राहील.

०.५० प्रिझमॅटिक वल्ह्यांच्या होडीला छान, कमी वेगात पाणी हळू सुटतं. पण वारा चांगला असला की तुमची होडी साडेपाच नॉटच्या आसपास जाऊन अडणार (२.४३ गुणिले पाण्यावरच्या लांबीचं वर्गमूळ) आणि त्या वेगाला इतकी बारीक टोकं असलेली होडी मागून बसते, स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात मागचं टोक रुततं. तेव्हा टोकं थोडी भरलीत तर काही गमावत नाही तुम्ही, उलट मिळवता.

सुकाणूधारी:
पुढे-मागे सारखं ठेवू नका असं मी अगदी जोर देऊन सांगेन. वल्हवायची होडी असती तर गोष्ट वेगळी. शिडाच्या होडीत माणसं मागे बसतात, सुकाणू मागे, इंजिन असलं तर तेही मागेच. दोघं मिळून १५० किलो धरा आणि ती मध्यापासून फक्त १ मीटर मागे सरकली तर तुमच्या आकारात मागचं टोक साधारण ६ सेंमी खाली जातं आणि पुढचं तेवढंच वर येतं. २५ सेंमी ड्राफ्टच्या होडीत ६ सेंमी म्हणजे खूप झाले. म्हणून उत्प्लावकतेचं केंद्र (पाणी होडीला जिथून वर उचलतं तो बिंदू) मध्यापासून पाण्यावरच्या लांबीच्या २-३ टक्के मागे न्या आणि मागचा भाग पाण्याच्या रेषेच्या जरा वर लगेच रुंद होत जाऊ दे. वरून बघताना टोकच दिसेल, पण मागून लाट आली की भराव पटकन पाण्यात उतरून होडी उचलेल.

रुंदीबद्दल, १.४ ची १.५ केलीत तर रुंदी ७ टक्केच वाढते पण स्थिरतेत तिचा घन येतो, म्हणजे पाण्याच्या रेषेवरच्या क्षेत्रफळाचा जडत्वाचा आकडा (कलण्याला होणारा विरोध) २३ टक्के वाढतो. मागे सपाट ट्रान्सम (मागची आडवी बंद फळी) नसल्यामुळे या जातीच्या होडीला तेवढा आधार मिळाला तर हवाच.

शिडवेडा:
मागचं टोक निमुळतं असलं की मागून येणारी लाट दुभंगून जाते, त्यामुळे होडी जास्त सुरक्षित, असं सगळीकडे वाचलं होतं. मग मागे भरलं तर तो गुण जाणार नाही का?

खारावारा:
तो गुण नुसत्या टोकाचा नाहीच. नौकारचनाकार कोलिन आर्चरच्या १८९३ च्या नॉर्वेजियन बचाव नौकेचं नाव यात नेहमी घेतात, पण ती खोल आणि जड होती, तिचा दम तिच्या वजनात आणि एकंदर आकारात होता. तुम्हाला जवळचं उदाहरण गोकस्टाडच्या वायकिंग जहाजाचं. सुमारे २३ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ड्राफ्ट १ मीटरच्या आतबाहेर, मधे रुंद आणि पसरट, बाजू वरती बाहेर झुकत गेलेल्या. त्याचीच प्रतिकृती त्याच १८९३ साली अटलांटिक ओलांडून गेली. कमी ड्राफ्टमध्ये जीव वाचवतो तो हा वरचा झुकाव, होडी कलली की दर अंशाला जास्त रुंदी पाण्यात येते.

सुकाणूधारी:
सेंटरबोर्ड आणि सुकाणू राहिलेच की. बोर्डाचं क्षेत्रफळ शिडाच्या ४ टक्के धरा, १२ चौ.मी. शीड असेल तर अर्धा चौ.मी.च्या जवळ, म्हणजे १ मीटर खोल आणि अर्धा मीटर रुंद. बोर्ड ज्या पेटीत वर येतो ती केस मधोमध न ठेवता तळफळीच्या बाजूला घेतली तर झोपायला जागा मोकळी होते आणि वाळूवर टेकल्यावर खाचेत खडे अडकणंही कमी होतं. थोडा बाजूला असल्याने चालण्यात काही फरक जाणवत नाही.

सुकाणूचं पातं वर उचलता येणारं हवं, पण लक्षात घ्या, अर्धवट वर उचललं की ते मागे लोंबतं आणि टिलर (सुकाणू फिरवायचा दांडा) फार जड होतो, तसं ठेवून लांब अंतर जायचं नाही. बिजागरी एका सरळ रेषेत यायला हव्यात म्हणून मागचा खांब तेवढ्या भागात सरळच काढा, गोलाई वर-खाली द्या. मागे छोटी डोलकाठी असेल तर टिलर तिच्यावर आदळतो, तिथे सुकाणूच्या डोक्याला आडवा हात जोडून त्याला लांब काठी लावायची आणि ती पुढे-मागे ढकलायची, नॉर्वेकडच्या होड्यांची जुनी पद्धत आहे.

फळीजोड:
बांधणीच्या बाजूने एक सांगतो. मागचा भाग भरला की प्लायवूडला शेवटच्या मीटरभरात वाकही पडतो आणि पीळही, दोन्ही एकदम. रुंद पट्टे घेतले तर ६ मिमी प्लाय तिथे चिरतो, अरुंद पट्टे एकमेकांवर चढवून लावले तर तोच आकार विनातक्रार येतो. म्हणून संगणकातला आकार पक्का करायच्या आधी १:१० चं मॉडेल पातळ प्लायचं करा, पट्टे बसतात की नाही तिथेच कळेल. वजन हजाराव्या हिश्शात जातं, तेव्हा ७०० किलोचे ७०० ग्रॅम. खिळे, नटबोल्ट माणसांच्या आणि सामानाच्या जागी ठेवून टबात तरंगवा, १५० ग्रॅम १० सेंमी मागे सरकवा आणि मागचं टोक किती बसतंय ते पट्टीने मोजा. ६ मिमीच्या आसपास यायला हवं. जास्त आलं तर मागे अजून भरा आणि मगच मोठ्या फळ्या कापायला घ्या.