मदत हवी आहे: एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) बाळाबद्दल आईवडिलांना कसं सांगावं?

गर्भारपणाच्या ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांच्या पालकांसाठी एक पानी माहितीपत्रक करतोय. पहिल्या भेटीत सांगितलेलं फारसं डोक्यात राहत नाही. सिझेरियन झालेली आई वॉर्डात, बाबा एकटेच ऐकतात, निरोप अर्धाच पोचतो. म्हणून शक्यतो दोघांना एकत्र बसवून तीनच मुद्दे: श्वास, दूध, पुढची तपासणी.

घोळ कुठे होतो? पहिल्या आठवड्यात वजन १० ते १५ टक्क्यांपर्यंत उतरू शकतं. आधी सांगितलं नसेल तर घरचे हादरतात. मॉनिटर वाजला की श्वासच थांबला असं नाही, बऱ्याचदा पायाचा सेन्सर सरकलेला असतो. श्वासात २० सेकंदांहून लांब विराम मात्र अ‍ॅप्निया (श्वास थांबणं). डोळ्यांच्या पडद्याची पहिली तपासणी जन्मानंतर साधारण चौथ्या आठवड्यात, अगदी लहान बाळांची त्याआधीही. ती तारीख लेखीच द्या. चुकली तर दृष्टीवर बेतू शकतं.

अडलंय ते इथे: मेंदूच्या सोनोग्राफीत ग्रेड १ किंवा २ चा (चारपैकी सौम्य) रक्तस्राव दिसला तर तो कोणत्या शब्दांत सांगता? आणि रात्रपाळीचे डॉक्टर वेगळंच बोलले तर (बोलतातच!) पालकांनी कुणाला विचारावं, हे पत्रकात कसं लिहावं? पालकांनो, कोणती माहिती तुम्हाला उशिरा मिळाली, तेही सांगा.