नाकाच्या बाजूचा काळा तीळ जाळावा का? बेसल सेल कार्सिनोमाची (कातडीच्या एका कॅन्सरची) शंका आहे

प्रश्न
वडील ६८ वर्षांचे, सगळं आयुष्य शेतात गेलं. डाव्या नाकपुडीच्या वरच्या खोबणीत मसुराच्या डाळीएवढी काळपट गाठ आहे. दीड वर्षात हळूहळू वाढली. मधोमध खपली धरते, तोंड पुसताना ती निघते, थेंबभर रक्त येतं, आठवड्यात पुन्हा खपली. दुखत नाही, खाजत नाही. गावातले डॉक्टर म्हणतात तीळ आहे, कॉटरीने जाळून टाकू. जाळावं का?

प्रतिसाद १
बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) झाल्याशिवाय अजिबात जाळू नका. चुना-सोडाही लावू नका. वरून जळतं, व्रण येतो, आणि गाठ त्याखाली पसरत राहते. शिवाय तपासायला तुकडाच उरत नाही.

न दुखणारी, भरल्यासारखी होऊन पुन्हा फुटणारी जखम महिन्याभराहून जास्त टिकली, की बेसल सेल कार्सिनोमाचा विचार करायलाच हवा. गोऱ्या कातडीवर तो गुलाबी, चकचकीत दिसतो; आपल्याकडे बऱ्याचदा काळा किंवा निळसर असतो, म्हणून तीळ समजून सोडून दिला जातो. दिवसाउजेडात कातडी दोन बोटांनी ताणून बघा: कड किंचित उचललेली, गुळगुळीत, त्यावर बारीक फाटे फुटलेल्या लाल शिरा, मधे खड्डा. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोपने हेच मोठं करून पाहतात. पण काळ्या गाठीत मेलानोमाही (कातडीचा जास्त घातक कॅन्सर) असू शकतो, त्यामुळे नुसत्या नजरेवर थांबू नये.

बायोप्सी बाह्यरुग्ण विभागातच होते. जागा बधिर करायला लिग्नोकेनचं इंजेक्शन, ३ ते ४ मिमीचा पंच (गोल पात्याने काढलेला तुकडा), एखादा टाका. तुकडा फॉर्मलिनमध्ये गेला पाहिजे. रिपोर्टमध्ये नुसतं नाव बघून थांबू नका, उपप्रकार वाचा. नोड्युलर (गाठीसारखा) असेल तर कड बहुधा स्पष्ट असते. इन्फिल्ट्रेटिव्ह किंवा मॉर्फिफॉर्म दिसतो त्याहून बराच लांब गेलेला असतो.

प्रतिसाद २
शस्त्रक्रियेबद्दल लिहितो. २ सेमीपेक्षा लहान, स्पष्ट कडेची गाठ कमी जोखमीच्या जागी असेल तर भोवतीची ४ मिमी चांगली कातडी घेऊन काढतात. नाक, पापण्या, ओठ, कान या जागा मात्र जास्त जोखमीच्या. तिथे मोह्‌स शस्त्रक्रिया उत्तम: थर काढायचा, गोठवून पूर्ण कड सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, जिथे कॅन्सरच्या पेशी दिसतील तिथलाच पुढचा थर घ्यायचा.

ती मोजक्या शहरांतच होते. नसेल तर सर्जनना स्पष्ट विचारा: कड मोकळी असल्याचा रिपोर्ट फ्लॅप (जखम झाकायला शेजारची कातडी) फिरवण्याआधी येणार की नंतर? माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. फ्लॅप बसवल्यावर कडेला पेशी सापडल्या, तर नेमकी कुठली कड हे शोधणं फार अवघड होतं. म्हणून फ्रोझन सेक्शन (तुकडा गोठवून लगेच तपासणं) करावं, नाहीतर जखम ड्रेसिंगखाली ठेवून रिपोर्टनंतर झाकावी. काढलेल्या तुकड्याला एका टोकाला खुणेचा टाका हवा, तरच पॅथॉलॉजिस्टना वरची बाजू कळते.

प्रश्नकर्ता
मलम किंवा शेक (रेडिएशन) देऊन भागणार नाही का? ते अ‍ॅस्पिरिन घेतात.

प्रतिसाद १
इमिक्विमॉड ५ टक्के मलम वरवरच्या प्रकाराला, मुख्यतः धड आणि हातापायांवर: आठवड्यातून ५ दिवस, ६ आठवडे. नाकाच्या खोबणीतल्या गाठीला ते नको. वरची कातडी बरी दिसेल, मूळ खाली राहील.

रेडिएशन चालतं, विशेषतः शस्त्रक्रिया झेपत नसेल तर. पण काही आठवडे फेऱ्या माराव्या लागतात, कड तपासायला मिळत नाही, आणि पुन्हा उद्भवल्यास शेकलेल्या कातडीवरची जखम नीट भरत नाही. व्हिस्मोडेगिब गोळ्या हाताबाहेर गेलेल्या गाठींसाठी आहेत, इथे त्यांचा विषय नाही.

अ‍ॅस्पिरिन स्वतःहून बंद करू नका. हृदयासाठी असेल तर सहसा चालूच ठेवतात. सर्जनना आधी सांगा. हा कॅन्सर शरीरात दूर जाणं फार दुर्मीळ, त्यामुळे उद्याच्या उद्या धावाधाव नको, पण या जागेची गाठ डोळ्याच्या कोपऱ्याकडे सरकू शकते, म्हणून बायोप्सी याच महिन्यात करा. नंतर दर ६ ते १२ महिन्यांनी व्रण आणि बाकीचा चेहरा, कानामागेसुद्धा, दाखवत राहा; एकदा झालेल्याला दुसरीकडे नवा होण्याची शक्यता बरीच असते.