रक्तदाबाच्या गोळ्या घेताना, चुकवताना, थांबवताना : आपापले अनुभव लिहावेत

निवडुंग

मागच्या आठवड्यात जुने कपाट आवरताना वडिलांची रक्तदाबाची वही हाती लागली. पट्टीने आखलेले रकाने, त्यांत तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, आणि सगळीकडे त्यांचे ते किंचित उजवीकडे झुकलेले अक्षर. सलग दोन वर्षांच्या नोंदी आहेत. त्यांच्या हातच्या शेवटच्या नोंदीत १२६/८० असे आकडे असून पुढे लिहिले आहे, "आता नॉर्मल. गोळी बंद." त्यानंतरच्या सात आठवड्यांची एकही नोंद नाही, आणि पुढचे सगळे अक्षर आईचे आहे, कारण पक्षाघातानंतर वडिलांना उजव्या हातात पेन धरता येत नव्हते.

ते बेफिकीर मुळीच नव्हते. ताप उतरला की तापाची गोळी थांबवायची, हा साधा नियम त्यांनी इथेही लावला, एवढेच. तो १२६ चा आकडा गोळीने आणलेला आहे आणि गोळी थांबली की तो टिकणार नाही, हे त्यांना कोणी स्पष्ट शब्दांत सांगितले नव्हते, आणि आम्हीही कधी विचारले नाही. वाढलेल्या रक्तदाबाने बहुतेकांना काहीच दुखत-खुपत नाही. त्यामुळे त्या सात आठवड्यांत आपण अगदी ठणठणीत आहोत, असेच त्यांना वाटत राहिले.

गेली तीन वर्षे मलाही गोळी सुरू आहे. आपण गोळ्या कशा घेतो, कुठे चुकलो, कोणी सावध केले, हे सर्वांनी लिहिले तर एखाद्या घरातली वही अशी कोरी राहणार नाही. दुसऱ्याचा अनुभव वाचून कोणीही आपली गोळी परस्पर बदलू नये, एवढी विनंती आहे.

दीपमाळ

वाचून फार वाईट वाटले. आमच्याकडे सासूबाईंचेही रक्तदाबाच्या गोळीवरूनच जिवावर बेतले होते, फक्त वेळीच लक्षात आले म्हणून निभावले. मी सविस्तर रात्री लिहीन.

पायवाट

प्रवासात माझी मेटोप्रोलॉलची पट्टी संपली आणि चार दिवसांनी परतल्यावर घेऊ, असे मी ठरवले. तिसऱ्या रात्री छातीत इतकी धडधड सुरू झाली की उठून बसावे लागले. नाडी ११८ होती आणि रक्तदाब गोळी सुरू होण्यापूर्वी असायचा त्याहूनही वर गेला होता. तिथल्या डॉक्टरांनी समजावले की मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या ॲड्रेनलिनचा हृदयावरचा परिणाम अडवून धरतात, त्यामुळे शरीर हळूहळू त्या ॲड्रेनलिनला अधिक संवेदनशील होत जाते, आणि बांध एकदम काढला की सगळा जोर एकाच वेळी हृदयावर येतो. हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या असतील, तर अशाने हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. ही गोळी थांबवायचीच असेल, तर डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने कमी करतात. क्लोनिडीन ही रक्तदाबाची दुसरी एक गोळी अचानक सोडल्यावर रक्तदाब याहून वेगाने उसळतो, असेही त्यांनी सांगितले.

तेव्हापासून मी निघण्याच्या आदल्या दिवशी गोळ्या मोजतो, मुक्कामापेक्षा आठवडाभराच्या जास्त घेतो आणि त्या सामानात न टाकता जवळच्या पिशवीत चिठ्ठीसह ठेवतो.

उंबरठा

हा धागा वाचून मी अस्वस्थ झालो आहे. आठ दिवसांपूर्वी मीही गोळ्या बंद केल्या आहेत. घरच्या यंत्रावर सलग तीन दिवस ११८/७६ दिसले आणि आता गरज नाही, असे मला वाटले. घरात कोणालाही सांगितलेले नाही. आता काय करावे?

निवडुंग

उंबरठा, तुम्ही लिहिलेत हे फार चांगले केलेत. आजच डॉक्टरांना फोन करा आणि गोळ्यांची नावे, त्यांची मात्रा आणि आठ दिवसांचा खंड, हे तिन्ही सांगा. गेलेल्या दिवसांची भरपाई म्हणून जादा गोळी मात्र घेऊ नका. आणि छातीत दुखणे, दम लागणे, बोलताना अडखळणे, एका बाजूची शक्ती जाणे किंवा दिसेनासे होणे, यांतले काहीही जाणवले तर फोनची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. घरच्यांनाही सांगा.

पायवाट

गोळ्या कोणत्या आहेत? बीटा ब्लॉकर असेल तर तसे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

उंबरठा

ॲम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन. आत्ताच मोजले, १५४/९६ आहे. त्रास काहीच जाणवत नाही. डॉक्टर दुपारी फोनवर भेटतील.

रानवारा

माझी गोष्ट खोकल्याची आहे. रामिप्रिल सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात घशात खवखव सुरू झाली आणि मग कोरडा खोकला लागला. रात्री आडवे झाले की तो वाढायचा. छातीचे चित्र काढले, ॲलर्जीची औषधे झाली, तीन निरनिराळी सिरप झाली. त्यांतल्या एका सिरपमध्ये चोंदलेले नाक मोकळे करणारे फेनिलेफ्रिन होते, आणि अशा औषधांनी रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढू शकतो. म्हणजे एका हाताने मी रक्तदाब उतरवत होते आणि दुसऱ्या हाताने चढवत होते, तेही पाच महिने. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावण्याआधीच विचारले, "रक्तदाबासाठी कोणती गोळी घेता?"

नावाच्या शेवटी "प्रिल" असलेल्या गोळ्यांनी, म्हणजे एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रामिप्रिल यांनी, काही जणांना असा खोकला होतो. त्या गोळ्या ज्या विकराला (एन्झाइमला) रोखतात, तोच शरीरातील ब्रॅडिकायनिन या रसायनाचाही निचरा करत असतो. ते रसायन साचले की खोकल्याची उबळ येते. मला लोसार्टन दिले गेले आणि महिन्याभरात खोकला पूर्ण थांबला. या गटातील पहिली तोंडाने घेण्याची गोळी, कॅप्टोप्रिल, ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषावरील संशोधनातून घडली आणि १९८१ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली, हे मला त्या खोकल्याच्या रात्री वाचताना कळले. या गोळ्यांनी असंख्य लोकांचे हृदय आणि मूत्रपिंड वाचले आहे, म्हणून खोकल्याच्या भीतीने कोणी त्या नाकारू नयेत. मात्र खोकला आला तर पहिल्या भेटीतच सांगावा. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर ती आणीबाणी समजावी आणि ती गोळी पुन्हा घेऊ नये.

सांजवात

मला एनालाप्रिलवर नेमके हेच झाले. मी वर्षभर गरम पाण्याच्या गुळण्या करत राहिले. आज प्रथमच कारण नीट समजले, धन्यवाद.

गवतफुला

मी औषधाच्या दुकानात काम करते. सर्वात जास्त काळजी वाटते ती एकच औषध दोन नावांनी घेणाऱ्यांची. हृदयाच्या डॉक्टरांनी एका कंपनीचे टेल्मिसार्टन लिहिलेले असते, मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या कंपनीचे, आणि वेष्टनाचा रंग वेगळा म्हणून दोन्ही घेतली जातात. वेष्टनावरचे मोठे नाव कंपनीचे असते. त्याखाली बारीक अक्षरांत औषधाचे खरे नाव असते आणि तेच वाचायचे असते. डॉक्टर कोणताही असो, भेटीला जाताना घरातली सगळी औषधे, मलमे, थेंब आणि चूर्णेसुद्धा एका पिशवीत घालून न्यावीत. ज्येष्ठमध दीर्घकाळ आणि जास्त प्रमाणात घेतले तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते, हे पुष्कळांना माहीत नसते. तसेच मिठाला पर्याय म्हणून मिळणाऱ्या काही मिठांत पोटॅशियम क्लोराइड असते. "प्रिल", "सार्टन" किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांच्या रक्तातील पोटॅशियम त्याने धोकादायक पातळीपर्यंत चढू शकते.

आणखी एक. नावापुढे एस.आर., ई.आर. किंवा एक्स.एल. असलेल्या गोळ्या कुटू नयेत किंवा चावू नयेत. दिवसभर हळूहळू सुटायचे औषध त्यामुळे एकदम अंगात जाते. घशाखाली उतरत नसेल तर आम्हाला विचारावे, बहुतेक वेळा दुसरा मार्ग निघतो.

दीपमाळ

सासूबाईंचे लिहायचे राहिले होते. त्या ७८ वर्षांच्या होत्या आणि लघवी वाढवणारी क्लोरथॅलिडोनची गोळी झोपताना घ्यायच्या, कारण बाकीच्या सगळ्या गोळ्या रात्रीच्या होत्या आणि एकदमच घेतल्या की विसरायला होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. रात्री तीन-चारदा उठावे लागे. एका रात्री उठताना भोवळ येऊन त्या पडल्या, सुदैवाने हाड मोडले नाही. त्यानंतर पंधरा दिवसांत त्यांचे बोलणे असंबद्ध होऊ लागले. नातवाला त्या स्वतःच्या भावाच्या नावाने हाक मारत. वय झाले, आता स्मृती जाणार, असे म्हणून आम्ही सर्व जण गप्प राहिलो, आणि याची मला आजही बोचणी आहे. रक्त तपासल्यावर सोडियम ११९ निघाले. ते किमान १३५ हवे. रुग्णालयात सोडियम सावकाश वर आणावे लागले, कारण ते घाईने वाढवल्यास मेंदूला इजा होऊ शकते. पाचव्या दिवशी त्यांनी मला नावाने हाक मारली आणि चष्मा मागितला.

ती गोळी पुन्हा दिली गेली नाही. म्हाताऱ्या माणसाच्या वागण्यात अचानक फरक पडला, तर वयाला दोष देण्याआधी त्याच्या गोळ्यांची यादी पाहावी आणि सोडियम तपासून घ्यावे. अशी गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच रक्ततपासणी करायची असते. आम्हाला ती करायला सांगितलेही होते, पण राहून गेली.

कवडसा

मग रक्तदाबाच्या गोळ्या सकाळी घ्याव्यात की रात्री? मला दोन डॉक्टरांनी दोन वेळा सांगितल्या आहेत.

गवतफुला

ब्रिटनमध्ये २१,००० हून अधिक रुग्णांवर झालेल्या टाइम या अभ्यासाचा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे येणारा मृत्यू यांच्या बाबतीत सकाळी आणि संध्याकाळी घेणाऱ्यांत फरक आढळला नाही. म्हणून जी वेळ तुम्हाला रोज पाळता येते, ती चांगली. अपवाद म्हणजे लघवीची गोळी, जी शक्यतो सकाळी घ्यावी, आणि प्राझोसिनसारख्या गोळीचा पहिला डोस, जो झोपताना देतात, कारण त्यानंतर उभे राहताच चक्कर येऊ शकते. तुमच्या गोळ्यांपैकी कोणती कधी, हे मात्र त्या दोघांपैकी एका डॉक्टरांकडून पक्के करून घ्या.

कवडसा

आभारी आहे. माझी संध्याकाळची गोळी आठवड्यातून दोनदा तरी चुकते, म्हणून सकाळची वेळ मागून घेईन. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी जोडून घेतली तर चालते का?

पायवाट

जोडून घेऊ नये. त्याच दिवशी लवकर आठवले तर घ्यावी, पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. वारांचे कप्पे असलेली डबी घ्या. घेतली की नाही, ही शंकाच राहत नाही.

शिंपला

गुडघेदुखीसाठी मी रोज दोन वेळा डायक्लोफिनॅक घेत होतो आणि रक्तदाबाची गोळी मात्र दर भेटीत वाढत होती. वेदनाशामक गोळी मी कोणालाही सांगितली नव्हती, कारण ती माझ्या दृष्टीने "औषध" नव्हतीच. मग जुलाब झाले, दोन दिवस अन्न-पाणी पोटात राहिले नाही आणि मी लघवीची गोळी, लोसार्टन आणि डायक्लोफिनॅक तिन्ही नेमाने घेत राहिलो. या तिघांचा एकत्र मारा कोरड्या पडलेल्या शरीरातील मूत्रपिंडावर झाला. मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारे क्रिॲटिनिन ३.४ पर्यंत गेले आणि खाली यायला तीन आठवडे लागले. आता माझ्या चिठ्ठीवर डॉक्टरांच्या हस्ताक्षरात लिहिलेले आहे की उलट्या-जुलाब सुरू झाल्यास कोणत्या गोळ्या थांबवायच्या, त्यांना कधी कळवायचे आणि पुन्हा कधी सुरू करायच्या. प्रत्येकाने हे आजारी पडण्याआधीच विचारून ठेवावे. दुखण्यासाठी मला पॅरासिटामॉल मर्यादित प्रमाणात घ्यायला सांगितले आहे.

सांजवात

मूल हवे असलेल्या मुलींसाठी लिहिते. "प्रिल" आणि "सार्टन" गोळ्या गर्भाला हानिकारक आहेत. माझ्या मुलीने आधीच सांगून ठेवल्यामुळे तिला वेळेत लॅबेटॅलॉल दिले गेले आणि सगळे नीट पार पडले.

रानवारा

उंबरठा, तुमच्या ११८ च्या आकड्यावरून एक विचारायचे होते. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसता का? पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीवर आणि पट्टा दंडाच्या मापाचा हवा. मोजताना बोलू नये आणि आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी किंवा धूम्रपान नको. मी मनगटाचे यंत्र वापरत होते, ते दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून पाहिल्यावर १४ ने कमी दाखवत असल्याचे कळले.

उंबरठा

यंत्र दंडाचे आहे आणि ते बरोबर निघाले. डॉक्टरांनी लगेच बोलावून घेतले आणि त्यांच्या यंत्राशी जुळवून पाहिले. तिथे १५०/९४ भरला. म्हणजे ११८ खरा होता आणि तो गोळ्यांचाच होता. ॲम्लोडिपिनचा अंश शरीरात काही दिवस टिकतो, त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत फरक दिसला नाही, असे ते म्हणाले. मी गोळ्या थांबवण्यामागे एक कारण होते, जे मी इथे आधी लिहिले नाही आणि त्यांनाही कधी सांगितले नव्हते: संध्याकाळी माझे घोटे इतके सुजत की चपलेचे वळ उठत. ती सूज ॲम्लोडिपिनची आहे आणि मात्रा कमी करून ती उतरू शकते, हे ऐकून मी थोडा वेळ काहीच बोलू शकलो नाही. आजपासून टेल्मिसार्टन पूर्वीइतकेच आणि ॲम्लोडिपिन निम्मे सुरू झाले आहे. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून लिहायचे आहे आणि शुक्रवारी रक्ततपासणी आहे. पत्नीला सांगितले. वही तिने आखली आहे.

निवडुंग

शुक्रवारी काय झाले ते कळवा.