क्लोनिंगवरचा कुठला सिनेमा दाखवावा?

चॉक_डस्टर: नमस्कार मंडळी. कनिष्ठ महाविद्यालयाच्या विज्ञान मंडळात एक सिनेमा दाखवून नंतर चर्चा ठेवायची आहे. विषय मानवी क्लोनिंग आणि तंत्रज्ञानावरचा आपला भरवसा. सध्या डोक्यात 'द सिक्स्थ डे' (2000) आहे, पण मुलं नुसती हाणामारी बघून घरी जातील अशी धास्ती वाटते. अजून काही सुचवा.

खवचट_काकू: सर, तो नकोच. डोळे तपासायचं निमित्त करून श्वार्झनेगरच्या आठवणी उतरवून घेतात, तयार कोऱ्या शरीरात भरतात, की झाला दुसरा अर्नोल्ड! झेरॉक्सच्या दुकानात याहून जास्त वेळ जातो. डॉली या पहिल्या क्लोन मेंढीच्या वेळी 277 प्रयत्नांतून एक कोकरू जन्मलं, 1996 साली, तेही मेंढीच्याच पोटी. माणसाचा क्लोन झालाच तर आधी तान्हं बाळ असेल, हे या सिनेमावाल्यांना कोण सांगणार?

टॉकीजवाला: 'द बॉइज फ्रॉम ब्राझील' (1978) बघा. जुना आहे, पण डोकं ठिकाणावर ठेवून लिहिलेला. नाझी डॉक्टर मेंगेले हिटलरचे 94 क्लोन करतो, आणि नुसत्या जनुकांवर भागणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून मुलं दत्तक देतो ती म्हातारा सरकारी नोकर आणि त्याची तरुण बायको अशा घरांत. बाप 65 चा झाला की त्याला मारायचा, कारण हिटलरचा बाप त्याच वयात गेला होता. शेवटचा कुत्र्यांचा प्रसंग मात्र अंगावर येतो.

निमूट_वाचक: माझं मत 'मून'ला (2009). पुढे रहस्यभेद आहे, पाहिला नसेल त्यांनी ही पोस्ट गाळा.
चंद्रावर हेलियम-3 हे इंधन काढणाऱ्या कंपनीचा एकटा कामगार सॅम. तीन वर्षांचा करार, मग घरी. आपण क्लोन आहोत हे त्याचं त्यालाच माहीत नाही. दोन सॅम टेबल टेनिस खेळतात तो प्रसंग मुलांना परत दाखवा. जुना सहज जिंकतो, कारण त्याचा हात बसलाय, नवा चिडतो. जनुकं तीच, माणसं दोन!
आणि भरवशाचं म्हणाल तर सॅमचा विश्वास विज्ञानावर नसतोच, कंपनीच्या शब्दावर असतो. 'द आयलंड'मध्येही (2005) तेच, सगळे क्लोन बेटावर जायच्या सोडतीत आपला नंबर लागेल म्हणून खूश. पण तिथे मायकेल बे मध्यंतरानंतर गाड्या उडवायला घेतो.

सायली_पुणे: 'नेव्हर लेट मी गो' (2010) कसा विसरलात? त्यात प्रयोगशाळा दिसतसुद्धा नाही. अवयव काढून घेण्यासाठी वाढवलेली मुलं, आणि एकही पळून जात नाही. "का पळत नाहीत?" एवढ्या एका प्रश्नावर तास भरतो. काही प्रसंग वर्गात दाखवण्यासारखे नाहीत, ते आधी बघून घ्या.

खवचट_काकू: 'मून'ला +1. शिव्या आहेत, प्राचार्यांच्या कानावर आधीच घाला.

चॉक_डस्टर: 'मून' ठरला, आभार! आमची बरीच मुलं मराठी माध्यमातली. सबटायटल्स ठेवू का?

निमूट_वाचक: ठेवाच. सॅमच्या सोबतीचा रोबो सावकाश बोलतो, पण सॅम पुटपुटतो.