फोमचा नाकतोडा गळावर फिरतो, मासा फटका मारतो पण लागत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कणकवलीजवळच्या एका छोट्या पाटबंधारे तलावावर फ्लाय रॉड (फ्लाय म्हणजे गळावर बांधलेला नकली किडा, तो टाकायची काठी) घेऊन जातो, तलावाचा ठेका ज्या मच्छीमार सोसायटीकडे आहे त्यांना विचारूनच, त्यामुळे तो विषय नको. विषय फोमच्या किड्यांचा आहे. पाऊस ओसरला की बांधावरच्या गवतात नाकतोडेच नाकतोडे, दुपारी वारा सुटला की त्यातले बरेच पाण्यात पडतात आणि काठालगत मासे ते टिपताना दिसतात, म्हणून म्हटलं तयार फ्लाय मागवण्यापेक्षा घरीच बांधू.

शाळेच्या प्रोजेक्टसाठी स्टेशनरीत मिळतात त्या 2 मिमीच्या ईव्हीए फोम शीट घेतल्यात, हिरवी आणि तपकिरी, दोन थर फेविक्विकने चिकटवून पट्टी कापतो. गळ 10 नंबर, लांब दांडीचा. पायांना जुन्या इलास्टिकमधले रबरी धागे, दोरा साधा शिवणाचा पॉलिएस्टर. रॉड 5 वेट (म्हणजे मध्यम-हलका), फ्लोटिंग म्हणजे तरंगणारी लाईन, लीडर (लाईन आणि फ्लायमधला बारीक धागा) 9 फुटी.

आता अडचण अशी की थोडे कास्ट (लाईन फेकणं) झाले की फोम दांडीभोवती फिरतो, नाकतोडा गळाखाली लोंबतो आणि पाण्यावर उताणा पडतो. दोरा आवळावा तर फोम कापून आत जातो, सैल ठेवावा तर परत फिरतो. आणि दुसरं, जे जास्त डोक्यात जातं, मासा वर येतो, पाणी उडतं, मी रॉड उचलतो आणि फ्लाय हवेत! फोम कमी केला तर बुडेल का? शिवाय आडव्या वाऱ्याने लाईनला पोट येतं आणि किडा स्पीडबोटीसारखा ओढला जातो, जिवंत नाकतोडा असा कधी पळेल का? काय करू सांगा.

गळवाला: आधी गळाचं तोंड, म्हणजे टोक आणि दांडी यांच्यातली मोकळी जागा, बघा. दोन थरांचा फोम ते तोंड अर्धं भरून टाकतो, मासा चावतो पण टोक त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पट्टी गळाच्या तोंडाएवढीच रुंद कापा आणि दांडीच्या वरच बसवा, खाली वळवू नका. एकच थर ठेवा, ईव्हीए पाणी पीत नाही, बुडायचा नाही. उलट खरा नाकतोडा अर्धा पाण्यात असतो, तुमचा फार उंच तरंगत असणार.

फिरण्याबद्दल, नुसत्या गुळगुळीत दांडीवर फोम धरत नाही. आधी दांडीभर दोऱ्याचा थर द्या, त्यावर फेविक्विकचा थेंब, मग पट्टी दाबून पहिले दोन वेढे सैल आणि पुढचे हळूहळू आवळत. शिवणाचा दोरा पिळाचा, तो कापणारच. 140 डेनियरचा (डेनियर म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप) चपटा दोरा घ्या, नाहीतर दात साफ करायचा फ्लॉससुद्धा चालतो. पाय दोन्ही बाजूंना पसरवून बांधा, त्यानेही उताणा पडणं कमी होतं.

बांधावरचो: दर फटको म्हणजे किडो खाल्ल्यान असा नाय हां. मरळ हवा घेवक वर येता, बुडबुडे सोडून खाली जाता, तेव्हा रॉड उचलून काय उपेग? आणि कमळाच्या पानांत 5 वेट घेवन मरळीच्या मागे लागा नको, भायर काढूक जमाचा नाय. पावसात तिची तांबडी पिल्लां गोळो करून फिरतत, तेव्हा आयशी-बापूस रागान फटको मारतत, तेंका तर सोडूनच दी. तिलापियाचा तोंड ल्हान, तिका 14 नंबराच्या ल्हान गळार तांबड्या फोमचो हुमलो (झाडावरची तांबडी मुंगी) बांधून बघ, आंब्यावरचे हुमले वाऱ्यान पाण्यात पडतच असतत.

तळेकाठी: वाऱ्याचं सोपं आहे, वारा पाठीवर येईल त्या काठावर उभे राहा. नाकतोडे त्याच काठावरून पाण्यात उडतात आणि लाईनही सरळ राहते. लांब टाकायची गरज नाही, गवताच्या कडेपासून दोनतीन हात पुरे. टपकन पडू द्या, मग हलवू नका, लाटांची वलयं विरली की एकदा जरासा झटका. आणि मासा आला की लगेच उचलू नका, लाईन ताणली गेल्याचं जाणवू दे.

मूळ प्रश्नकर्ता: गळवाला, आत्ताच मोजलं, माझी पट्टी तोंडाच्या दीडपट रुंद आहे, म्हणजे तेच कारण दिसतंय. बांधावरचो, हुमल्याची आयडिया भारी, काठावर आंब्याची रांगच आहे. चपटा दोरा इथे कुठे दिसला नाही, फ्लॉस मेडिकलमध्ये आहे पण मेण लावलेला, त्यावर फेविक्विक धरेल का?