कॅमकॉर्डर घेताना आधी माइकचं बघा

बाळाच्या बारशापासून चित्रीकरण करायचंय, तर कॅमकॉर्डर कुठला घ्यावा आणि संपादन कशात करावं, असं तुम्ही विचारलंय. इथे उत्तर देणाऱ्या बहुतेकांनी झूम आणि फोर-के म्हणजे जास्त बारकाव्याच्या चित्राबद्दल लिहिलंय. मी म्हणेन, आधी बाहेरचा माइक लावायची सोय आहे का ते बघा. माझ्या लेकीच्या बारशाला आजीने पाळणा म्हटला होता. चित्र अगदी स्वच्छ आलंय, तिचा थरथरता हात पाळण्याच्या दोरीवर दिसतो, पण आवाज सगळा पंख्याचा. आजी आता नाही. फार जीव तुटतो ते बघताना.

सेटिंगमध्ये सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम (म्हणजे चित्रं) ठेवा, घरात शटर, म्हणजे एका फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ, १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे १/६० वर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकू शकतं.

संपादनाला दाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती घरच्या कामाला भरपूर झाली, फक्त रॅम १६ जीबी तरी हवी. लॅपटॉप अडखळला तर प्रॉक्सी फाइल्स, म्हणजे संपादनापुरत्या हलक्या प्रती, करून घ्या. आणि मूळ फाइल्स दोन हार्ड डिस्कवर उतरल्याशिवाय कार्ड पुसू नका. त्यातली एक डिस्क आजोळी ठेवा.