कीड डोळ्यांना दिसण्याआधी लेसर आणि उष्णतेने ओळखता येते का?

मीनल, कोथरूड
माझ्या आठ वर्षांच्या मुलाच्या खालच्या कायमच्या दाढेच्या खाचेत तपकिरी रेघ दिसते. एका दंतवैद्यांनी लगेच सिमेंट भरून घ्यायला सांगितले, तर दुसऱ्यांच्या मते फ्लोराइडचा लेप लावून सहा महिने लक्ष ठेवणे पुरेसे आहे. एक्स-रेमध्ये काही आढळले नाही. लेसरमुळे दातात निर्माण होणारी उष्णता मोजून सुरुवातीची कीड ओळखता येते, असे वाचनात आले. हे तंत्र कसे चालते आणि त्यावरून निर्णय घेता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उपकरणशास्त्राचा प्राध्यापक, औंध
मीनलताई, टोरांटो विद्यापीठातील आंद्रेआस मँडेलिस आणि दंतवैद्य स्टीफन एब्रम्स यांनी हे तंत्र विकसित केले. यात लाल लेसरची तीव्रता ठरावीक लयीत कमी-जास्त केली जाते. त्यामुळे दाताचा तेवढाच भाग, मुलाला जाणवणारही नाही इतका किंचित तापतो आणि त्याच लयीत अवरक्त (इन्फ्रारेड) किरण बाहेर टाकतो. निरोगी दंतवल्कात, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरात (इनॅमल), वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असते, पण आम्लामुळे ते निघून गेले की सूक्ष्म छिद्रे पडतात, त्यांत प्रकाश विखुरत राहतो, अधिक शोषला जातो आणि उष्णतेचे वहन बदलते. लय संथ केली की उष्णतेची लाट अधिक खोल जाते, आणि लेसरच्या तुलनेत अवरक्त संकेत किती मागे पडतो यावरून आतल्या बदलाचा अंदाज बांधता येतो. मला या तंत्रातील सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. एक्स-रेवर मात्र पुरेसे खनिज गेल्याशिवाय फरक उमटत नाही, शिवाय खाचेच्या दोन्ही बाजूंचे जाड दंतवल्क आड येते.

दंतवैद्य, सदाशिव पेठ
वरील माहितीला एक जोड देतो. ‘लेसर तपासणी’ म्हणजे दरवेळी हेच तंत्र असते, असे समजू नये. डायग्नोडेंटसारखे उपकरण 655 नॅनोमीटरचा प्रकाश टाकून मुख्यतः जिवाणूंच्या पॉर्फिरिन या रंगद्रव्यामुळे येणारी चमक मोजते. उष्णतेशी त्याचा संबंध नाही. डाग किंवा किटण असेल तर त्याचा आकडा विनाकारण वाढतो, म्हणून दात आधी स्वच्छ करावा लागतो.

तंत्र कोणतेही असो, केवळ आकड्यावरून दात कोरू नये, असे माझे ठाम मत आहे. कोरलेले दंतवल्क पुन्हा तयार होत नाही, आणि पृष्ठभाग अखंड असेल तर लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट, फ्लोराइडच्या मदतीने, गेलेले खनिज काही अंशी भरून काढतात. अशा दाढेला 5 टक्के सोडियम फ्लोराइडचा लेप देता येतो किंवा खाच सीलंटने बंद करता येते. टोकदार सळईने खाच टोचू मात्र देऊ नका. मऊ झालेला पृष्ठभाग त्याने फुटू शकतो.

मीनल, कोथरूड
दोघांचेही मनापासून आभार. असे उपकरण उपलब्ध नसेल, तर कीड वाढते आहे की थांबली आहे हे कसे ओळखायचे?

दंतवैद्य, सदाशिव पेठ
दात स्वच्छ करून हवेच्या झोताने पाच सेकंद कोरडा करायला सांगा. खाचेभोवतीचा पांढरट डाग फक्त कोरड्या दातावर दिसत असेल तर बदल बहुधा वरवरचा असतो. ओल्या दातावरही दिसत असेल तर तो अधिक खोल गेलेला असतो. त्याच वेळी जवळून छायाचित्र काढून ठेवा आणि पुढच्या तपासणीत, शक्यतो त्याच डॉक्टरांकडे, त्याच्याशी तुलना करून घ्या. पृष्ठभाग खचलेला किंवा आत काळसर सावली दिसली, तर सिमेंट भरण्याचा विचार करावा लागेल.